गिटार ॲम्प्लिफायरच्या हेडफोन आणि लाइन-आउटचा आवाज : पार्श्वभूमी

गिटार ॲम्प्लिफायरला हेडफोन जोडला की आवाज कानाला जेमतेम जाणवतो, किंवा बटण किंचित फिरवताच असह्य होतो. लाइन-आउटमधून, म्हणजे ॲम्पमधला सूर दुसऱ्या यंत्राकडे पाठवणाऱ्या सॉकेटातून, मिक्सरकडे केबल नेली तर सूर कधी फाटतो, कधी इतका क्षीण येतो की त्यापेक्षा खरखरच जास्त ऐकू येते. या तक्रारी नव्या नाहीत. यंत्र बिघडले असे समजून अनेक जण ते दुरुस्तीला देतात, आणि तिथून ‘काही दोष नाही’ असे उत्तर घेऊन परत येतात. दोष बहुधा त्या एका यंत्रात नसतोच. ॲम्पवरच्या या सॉकेटांचा आकार टेलिफोनकडून, लाइनची पातळी रेडिओ केंद्रांकडून आणि हेडफोनला मिळणारी वीज स्पीकरच्या मंडलाकडून उसनी घेतलेली आहे. या तिघांना कोणी एकत्र बसवून एक नियम केला नाही.

आकारापासून सुरुवात करू. सुमारे ६.३५ मिलिमीटर जाडीचा, आपण ‘पाव इंची’ म्हणतो तो प्लग १८७८ च्या सुमारास अमेरिकेतल्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये आला. एका ग्राहकाची तार दुसऱ्याला जोडण्यासाठी तिथले ऑपरेटर दिवसभर असे प्लग घालत आणि काढत असत. १९३० च्या दशकाच्या आरंभी विद्युत गिटार बाजारात आली, तेव्हा हा प्लग मजबूत, स्वस्त आणि सहज उपलब्ध होता, म्हणून पुढे गिटार, ॲम्प, स्पीकर, फूटस्विच, हेडफोन आणि लाइन-आउट या सर्वांनी तोच उचलला. सोय झाली, पण सॉकेट पाहून आत किती व्होल्ट आहेत हे ओळखण्याचा मार्ग राहिला नाही. गिटारच्या तारांची कंपने विजेत बदलणाऱ्या पिकअपमधून व्होल्टचा लहानसा अंश येतो, तर ५० वॅटचा ॲम्प ८ ओहमच्या स्पीकरला २० व्होल्ट देतो. तोच प्लग चुकून स्पीकरच्या सॉकेटात गेला, तर ३२ ओहमच्या हेडफोनवर ढोबळ हिशेबाने १२ वॅटपेक्षा जास्त शक्ती येते, आणि हेडफोनची सहनशक्ती तर वॅटच्या अंशापर्यंतचीच असते.

पहिल्या पिढीच्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांच्या) ॲम्पना हेडफोनचे सॉकेट नसे आणि त्याला सबळ कारण होते. व्हॉल्व्ह आणि स्पीकर यांच्यामध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर असतो, आणि त्याला ४, ८ किंवा १६ ओहमचा भार मिळाला नाही, तर त्याच्या प्राथमिक वेटोळ्यावर धोकादायक विद्युतदाब चढू शकतो. फेंडरच्या अनेक ॲम्पमध्ये तर मुख्य स्पीकरचा प्लग काढताच सॉकेट आपोआप आउटपुट शॉर्ट करते. भाराशिवाय चालण्यापेक्षा ते बरे, हा त्यामागचा विचार. अशा यंत्रात ‘हेडफोन लावा आणि स्पीकर बंद करा’ ही सोय देण्यासाठी आतमध्ये स्पीकरइतकीच शक्ती पचवणारा रोधक बसवावा लागतो. तो तापतो, जागा खातो आणि खर्च वाढवतो.

ट्रान्झिस्टर ॲम्प आले आणि ही अडचण दूर झाली. त्यांना आउटपुट ट्रान्सफॉर्मर लागत नाही, त्यामुळे स्पीकरची जोडणी काढली तरी सहसा काही बिघडत नाही. याच काळात, १९५८ नंतर, मिलवॉकीच्या जॉन कॉस यांनी आणलेले स्टिरिओ हेडफोन घरोघरी जाऊ लागले होते. सरावासाठीच्या ॲम्पमध्ये निर्मात्यांनी सर्वांत स्वस्त मार्ग निवडला: स्पीकरकडे जाणाऱ्या तारेतून काही शे ओहमच्या रोधकामार्फत हेडफोनला वाट द्यायची, आणि प्लग आत जाताच सॉकेटमधला स्विच स्पीकरची जोडणी तोडेल अशी व्यवस्था करायची. रोधक एकच, पण त्याचा परिणाम प्रत्येक हेडफोनवर वेगळा होतो. ८ ओहमच्या स्पीकरसाठीचा १० वॅटचा ॲम्प पूर्ण जोरावर सुमारे ८.९ व्होल्ट देतो. मध्ये ३३० ओहमचा रोधक असेल, तर ३२ ओहमच्या हेडफोनच्या वाट्याला जेमतेम ०.८ व्होल्ट, म्हणजे सुमारे २० मिलिवॅट येतात. २५० ओहमच्या हेडफोनला मात्र ३.८ व्होल्टपेक्षा जास्त, म्हणजे जवळजवळ ६० मिलिवॅट मिळतात. या यंत्रावर जास्त ओहमचा हेडफोनच फायद्यात राहतो. शिवाय मोठ्या रोधकामुळे काही हेडफोनचा खर्ज फुगतो, तेव्हा प्रश्न आवाजाच्या पातळीपुरता उरत नाही. आंतरराष्ट्रीय विद्युत-तांत्रिक आयोगाच्या ६१९३८ क्रमांकाच्या मानकाने १९९६ मध्ये हेडफोनच्या आउटपुटसाठी १२० ओहम सुचवले होते, पण गिटार ॲम्पच्या निर्मात्यांना त्याने बांधून ठेवले नाही.

नंतर उलट दिशेने वारा वाहिला. १९७९ मध्ये वॉकमन आला आणि हलके, कमी ओहमचे हेडफोन सर्वसामान्य झाले. ‘बोस्टन’ या बँडचे गिटारवादक आणि अभियंता टॉम शोल्झ यांनी १९८२ मध्ये ‘रॉकमन’ हे कमरेला लावण्याजोगे, बॅटरीवर चालणारे यंत्र आणले. त्यात स्पीकर नव्हताच, सारा विचार हेडफोनचा होता. त्या घराण्यातल्या आजच्या छोट्या यंत्रांची विद्युतपुरवठ्याची मर्यादा कडक असते. समजा, एखादे यंत्र १ व्होल्टपर्यंतच जाते. मग ३२ ओहमच्या हेडफोनला ३१ मिलिवॅट मिळतात आणि २५० ओहमच्या हेडफोनला फक्त ४. म्हणजे जो हेडफोन जुन्या ॲम्पवर दणदणीत वाजत होता, तोच नव्या यंत्रावर मुका भासतो, आणि ज्याने नव्यावर कान भरले, तो जुन्यावर हलका पडतो. वादक दोष हेडफोनला देतो, कधी ॲम्पला. माझ्या मते हा या साऱ्या प्रकरणातला सर्वांत फसवा भाग आहे, कारण दोन्ही वस्तू आपापल्या जागी निर्दोष असतात. हेडफोनची संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक विजेवर तो किती जोरात वाजतो, ती दर मिलिवॅटला किती डेसिबल की दर व्होल्टला किती अशी दिली आहे, हे डब्यावर नीट वाचल्याशिवाय तुलना करता येत नाही.

लाइन-आउटचा वारसा वेगळा आणि अधिक रंजक आहे. टेलिफोन आणि रेडिओच्या तारांवर ६०० ओहमच्या भारात १ मिलिवॅट हे मूळ परिमाण होते, म्हणजे ०.७७५ व्होल्ट. १९३९ मध्ये अमेरिकेतली बेल प्रयोगशाळा आणि एनबीसी व सीबीएस या रेडिओ कंपन्या यांनी मिळून आवाजाची पातळी काट्याने दाखवणारा ‘व्हीयू मीटर’ ठरवला. त्याच्या आतल्या दिष्टकारीमुळे, म्हणजे उलट-सुलट वाहणारी वीज एका दिशेची करणाऱ्या भागामुळे, तारेवरचा आवाज बिघडू नये म्हणून मीटरला एकसर जोडणीत ३,६०० ओहमचा रोधक टाकला गेला, आणि त्यामुळे काटा शून्यावर येण्यासाठी तारेवर ४ डेसिबल जास्त, म्हणजे १.२२८ व्होल्ट असावे लागले. व्यावसायिक स्टुडिओतली ‘प्लस चार’ ही पातळी अशी जन्माला आली. मोजणाऱ्या उपकरणाच्या गरजेतून ती आली, संगीताच्या गरजेतून नव्हे. घरगुती टेप यंत्रांनी मात्र स्वतंत्र आणि कमी पातळी धरली, ०.३१६ व्होल्ट. १९७९ च्या पोर्टास्टुडिओसारख्या कॅसेट यंत्रांमुळे घरी ध्वनिमुद्रण करणाऱ्यांचा मोठा वर्ग तयार झाला, आणि दोन पातळ्यांमधले जवळपास १२ डेसिबलचे अंतर गिटारवादकाच्या टेबलावर येऊन पडले. ॲम्पचा लाइन-आउट कोणत्या पातळीचा आहे हे बहुतेकदा लिहिलेलेच नसे, आजही पुष्कळदा नसते.

त्यात ही वाट कुठून काढायची, हा प्रश्न मिसळला. १९७० च्या दशकात, विशेषतः मार्शलच्या १९७५ च्या मास्टर व्हॉल्यूमच्या ॲम्पनंतर, सुराची खरखरीत चव एका बटणाने आणि मोठेपणा ‘मास्टर’ या दुसऱ्याने ठरवणे रूढ झाले. लाइन-आउट मास्टरच्या आधी काढला, तर मास्टर कितीही फिरवा, मिक्सरकडचा आवाज बदलत नाही. तो नंतर काढला, तर शेजाऱ्यांसाठी मास्टर खाली घेताच मिक्सरकडचा सूरही खाली जातो. कोणतीही रचना निवडली, तरी ती अपेक्षेप्रमाणे वागत नाही असे वाटणारा वादकांचा एक वर्ग राहतोच, आणि म्हणून स्वतंत्र लेव्हल बटण देणारे ॲम्प मला प्रामाणिक वाटतात.

आवाज जवळजवळ नाहीसा होण्याची तक्रार मात्र वेगळ्याच वारशातून येते. बॅलन्स्ड लाइनच्या प्लगला टोक, कडे आणि जमिनीशी जोडलेला दांडा असे तीन भाग असतात; टोक आणि कडे यांवर एकच सूर उलट-सुलट चालतो, आणि पुढचे यंत्र त्या दोघांमधला फरक घेते. टेलिफोनच्या तारेत शिरलेला गोंगाट वगळण्याची ही जुनी युक्ती. हेडफोनच्या प्लगला तेच तीन भाग असतात, पण टोक डाव्या कानाचे आणि कडे उजव्या कानाचे. गिटारचा मोनो सूर दोन्हींवर तंतोतंत सारखा असतो. अशा सॉकेटातून स्टिरिओ केबलने मिक्सरच्या बॅलन्स्ड इनपुटला जोडले, तर दोन्हींमधला फरक शून्य होतो आणि कानाला थोडीशी खरखर तेवढी येते. साधी, दोन भागांच्या प्लगची मोनो केबलही उपाय नव्हे, कारण तिने उजव्या बाजूचे आउटपुट जमिनीला शॉर्ट होते. एक स्टिरिओ प्लग आणि दोन मोनो प्लग असलेली ‘वाय’ केबल घेऊन तिचे एकच टोक मिक्सरला लावले, की दडलेला सूर परत येतो.