काल्पनिक प्राणिरचना

कथा, चित्रपट आणि व्हिडिओ गेमसाठी, प्रत्यक्षात नसलेला पण जगू शकेल असा वाटणारा प्राणी घडवण्याची कला. अक्राळविक्राळ रूप कागदावर उतरवणे सोपे असते. ते रूप घेऊन प्राणी पोट कसे भरेल, श्वास कसा घेईल, पिल्ले कशी वाढवेल, हे ठरवण्यात खरे कसब आहे.

लिओनार्दो दा विंचीने चित्रकारांना सांगितले होते की काल्पनिक प्राण्याचा प्रत्येक अवयव खऱ्या प्राण्यावरून घ्यावा: ड्रॅगनला कुत्र्याचे डोके, मांजराचे डोळे, कासवाची मान. महाराष्ट्रातील किल्ल्यांच्या दरवाजांवरचा, पंजांत हत्ती दाबून धरणारा शरभ हा काल्पनिक पशूही अशाच जोडणीचा; मात्र तो सामर्थ्याचे प्रतीक आहे, त्याच्या आहारविहाराचा प्रश्न येत नाही.

पहिली अडचण आकाराची. जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हाल्डेन यांनी 1926 मध्ये दाखवून दिले की माणूस सर्व बाजूंनी दसपट मोठा केला तर वजन हजारपट होते, पण हाडाच्या छेदाचे क्षेत्रफळ शंभरपटच वाढते. असा राक्षस पहिल्याच पावलाला मांडीचे हाड मोडून घेईल. हत्तीचे पाय खांबासारखे असतात ते यामुळेच. बसएवढा कोळी रंगवताना बारीक पाय तसेच ठेवले की चित्र फसते.

दुसरी अडचण वंशाची, आणि ती फार जण विसरतात. पक्षी आणि वटवाघूळ यांचे पंख म्हणजे बदललेले पुढचे पायच. चार पाय आणि वर दोन पंख असलेल्या ड्रॅगनचे पूर्वज सहा अवयवांचे असायला हवेत. मग त्या जगातल्या सरड्यांना, उंदरांनाही सहा अवयव का नसावेत?

‘एलियन’ (1979) या चित्रपटातील प्राण्याच्या तोंडातून दुसरा जबडा बाहेर येतो. खऱ्या जगातही मोरे ईल माशाच्या घशातला दुसरा जबडा पुढे सरकून भक्ष्याला आत ओढतो, हे संशोधकांनी 2007 मध्ये दाखवले. बहुतेक मासे तोंड झटकन मोठे करून पाण्याबरोबर भक्ष्य ओढून घेतात. मोरे ईल खडकांच्या अरुंद कपारींत राहतो आणि त्याची ही ओढ कमकुवत असते. त्याच्या दुसऱ्या जबड्याला असे कारण आहे. रचनाकाराने आपल्या प्राण्याच्या प्रत्येक दाताला, शिंगाला आणि नांगीला असेच कारण शोधावे.