सेरेंगेटीची सफारी म्हणजे खरंतर राखेचा पाठलाग

टांझानियात ओल्डुवाय घळीच्या जवळ सपाट मैदानात एक काळी टेकडी उभी आहे. टेकडी कसली, वाळूचा ढीगच तो, चंद्रकोरीच्या आकाराचा, साधारण ९ मीटर उंच, आणि आजूबाजूला लांबपर्यंत फक्त बुटकं गवत. आमच्या गाईडने तिथली ओंजळभर वाळू घेतली आणि वर उडवली. वारा सणसणीत होता, मला वाटलं आता सगळी डोळ्यात जाणार, पण कसलं काय, ती भुर्रकन उडून न जाता झुपकन खाली बसली. तिच्यात लोखंडाचं प्रमाण चांगलंच आहे त्यामुळे कण एकमेकांना चुंबकासारखे धरून राहतात, आणि वाऱ्याच्या रेट्याने अख्खा ढीगच्या ढीग दरवर्षी काही मीटर पश्चिमेला सरकतो.

ही वाळू नाहीये, ज्वालामुखीची राख आहे. जीपमधल्या बाकीच्यांना कधी एकदा सिंह दिसतोय असं झालं होतं, मी मात्र त्या राखेत अडकलो आणि पुढचे तीन-चार दिवस जे काही बघितलं त्या प्रत्येकात मला तीच दिसत राहिली.

आमचा रूट नेहमीचाच, अरुशाहून तारांगिरे, मग मन्यारा, मग गोरोंगोरो, मग न्डुटू आणि शेवटी सेरेंगेटीचा मधला भाग, सेरोनेरा. (सफारी हा स्वाहिली शब्द अरबी ‘सफर’वरून आलाय, म्हणजे आपल्या सफरीचा सख्खा भाऊ. तिकडे गाडीला ‘गारी’ म्हणतात, दुकानाला ‘दुका’ आणि चहाला ‘चाय’, त्यामुळे दुसऱ्या दिवसापासूनच आपल्याला स्वाहिली येतं असा गैरसमज व्हायला लागतो.) तारांगिरेला हत्ती आणि गोरखचिंचेची अवाढव्य झाडं, मन्याराला फ्लेमिंगो, तेही भारीच, पण खरी गंमत गोरोंगोरोचा घाट चढल्यावर सुरू होते.

गोरोंगोरो हा स्वतःच एक मेलेला ज्वालामुखी. वीसेक लाख वर्षांपूर्वी त्याच्या पोटातला लाव्हा रिकामा झाला आणि वरचा डोंगर आत कोसळला, उरला तो सुमारे ६०० मीटर खोल आणि २६० चौरस किलोमीटरचा वाडगा, ज्यात आज गेंडे, सिंह, म्हशी सगळे सुखाने नांदतात. हे सगळं का, तर आफ्रिका खंड इथे उभं चिरत चाललंय, पूर्वेकडचा तुकडा वर्षाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे बाजूला होतोय आणि त्या भेगेच्या कडेने ज्वालामुखींची रांग लागलीय. त्यातला अजून जिवंत असलेला म्हणजे ओल डोइन्यो लेंगाई, तिथल्या गुरं राखणाऱ्या मासाई लोकांचा देवाचा डोंगर. त्याचा लाव्हा जगावेगळा आहे. आपल्या सह्याद्रीचा बसाल्ट ज्या लाव्हापासून झाला तो हजार-अकराशे डिग्रीचा होता, लेंगाईचा जेमतेम पाचशे-सहाशे. दिसायला काळा, इंजिन ऑइलसारखा पातळ पळतो, आणि हवेतला ओलावा लागला की काही दिवसांतच पांढरा पडतो, कारण त्यात मुख्य माल आहे सोडियम आणि कॅल्शियमचे कार्बोनेट, म्हणजे धुण्याच्या सोड्याच्याच जातकुळीतला. असा लाव्हा ओकणारा आज जगात हा एकच ज्वालामुखी आहे. शेवटचा मोठा राखेचा स्फोट २००७-०८ मधला.

वारा तिथे बहुतेक पूर्वेकडून वाहतो, त्यामुळे लेंगाईने आणि त्याच्या आधीच्या शेजाऱ्यांनी लाखो वर्षं उडवलेली राख पश्चिमेला सेरेंगेटीच्या दक्षिण मैदानावर पडत राहिली. पावसाने तिच्यातलं कॅल्शियम विरघळून खाली जातं, पण पाऊसच कमी, त्यामुळे ते फार खोल न जाता मधेच साखळतं आणि सिमेंटसारखा थर बनतो. झाडाची मुळं तो फोडू शकत नाहीत. म्हणून तिथे झाडच नाही, नुसतं घोट्याएवढं गवत, नजर जाईल तिथपर्यंत. आपल्या कासच्या पठारावर मोठं झाड का दिसत नाही तर खाली जांभ्याचा कातळ आहे म्हणून, हे साधारण तसंच, फक्त इथला कातळ राखेने नंतर तयार केलेला. जीप जशी वायव्येला जाते तशी राख पातळ होत जाते, पाऊस वाढतो, गवत आधी गुडघ्याएवढं मग कमरेएवढं होतं आणि मग बाभळीची झाडं सुरू होतात. हे एका दिवसाच्या ड्राइव्हमध्ये डोळ्यांसमोर बदलताना दिसतं, फक्त बिबट्या शोधायच्या नादात कोणी खाली बघत नाही.

आता विल्डबीस्ट, म्हणजे गाईगुरांसारखी दिसणारी मोठी हरणं. सुमारे १३ लाख आहेत, सोबत दोन लाखांच्या वर झेब्रे आणि काही लाख थॉमसन गझेल, म्हणजे छोटी चपळ हरणं, ज्यांना सगळे ड्रायव्हर लाडाने टॉमी म्हणतात. हे कळप वर्षभर गोल फिरतात हे आपण टीव्हीवर शंभरदा पाहिलंय. पण मला नेहमी प्रश्न पडायचा की उत्तरेला पाऊस जास्त, गवत जास्त, मारा नदीला बारमाही पाणी, मग हे वेडे दक्षिणेच्या कोरड्या मैदानात येतातच कशाला? उत्तर परत राखेत आहे. उत्तरेचं उंच गवत म्हणजे पोट भरायला पोळीचा ढीग आहे पण सोबत भाजी नाही असा प्रकार, त्यात फॉस्फरस कमी. राखेवरचं बुटकं गवत दिसायला किरकोळ पण फॉस्फरस, कॅल्शियम, सोडियम भरपूर, आणि पिल्लाला दूध पाजणाऱ्या मादीला नेमकं हेच लागतं. म्हणून बाळंतपणाला सगळ्या इथेच येतात.

आम्ही फेब्रुवारीत न्डुटूला होतो आणि जन्मांचा हंगाम ऐन भरात होता. बहुतेक पिल्लं दोन-तीन आठवड्यांच्या आत जन्मतात, सगळी एकदम, कारण तरस आणि सिंह खाऊन खाऊन किती खाणार, त्यांचं पोट भरतं आणि बाकीची पिल्लं वाचतात. आमच्या समोर एक पिल्लू पडलं, धडपडलं, परत पडलं, आणि पाच-सात मिनिटांत चक्क आईच्या मागे पळायला लागलं. त्याच दुपारी एका तरसाने दुसरं एक उचललं तेही पाहिलं. जीपमध्ये कोणी काही बोललं नाही.

मे-जूनमध्ये मैदान वाळतं, उरलेली तळी खारट होतात, मग निघायचंच. पुढच्या उंच गवतात बऱ्याच ठिकाणी झेब्रे आधी शिरतात, त्यांना वरचे जाड दांडे चालतात कारण ते रवंथ करत नाहीत, मिळेल ते भराभर खाऊन पुढे ढकलतात. मागून विल्डबीस्ट मधली पानं खातात, आणि शेवटी टॉमी खालचे कोवळे कोंब. लग्नाच्या पंगतीसारखंच, फक्त इथे मागून बसणाऱ्याला जास्त चांगलं वाढतात.

इथे एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. हे १३ लाख विल्डबीस्ट आपल्याला ‘अनादी काळापासून’ वाटतात ना, पण १९६० च्या सुमारास ते फक्त अडीच लाखांच्या आसपास होते. कारण बुळकांडी. गुरांचा हा रोग १८८७ च्या सुमारास इटालियन सैन्यासाठी आणलेल्या गुरांबरोबर आफ्रिकेच्या शिंगात, म्हणजे खंडाच्या ईशान्य टोकाला, उतरला, ती गुरं भारतातून गेली असावीत असं मानतात, आणि काही वर्षांतच मासाईंची बहुतेक जनावरं मेली, मागोमाग माणसं उपाशी मेली. जंगली कळपांतही वर्षाच्या आतली वासरं मरत राहिली. मग गुरांना लस द्यायला सुरुवात झाली, नीट वाचा, गुरांना, विल्डबीस्टना कोणीही सुई टोचली नाही, तरी १९६३ च्या सुमारास कळपांतून रोग गायब झाला आणि १९७० च्या दशकाअखेर संख्या पाचपट झाली. इतकी तोंडं चरायला लागल्यावर वाळलेलं गवत उरेना, वणवे कमी झाले, झाडांची रोपं जगायला लागली. आज सेरोनेराला ज्या बाभळींखाली आपण डब्यातलं जेवण सोडतो, त्यातल्या कित्येक या लसीच्या कृपेने उभ्या आहेत. २०११ मध्ये बुळकांडी जगातून संपली असं जाहीर झालं, देवीनंतर माणसाने पूर्ण संपवलेला हा दुसराच रोग.

आणि मारा नदी, जी आम्ही पाहिलीच नाही कारण कळप तिथे जुलै ते ऑक्टोबरमध्ये असतात. ओलांडताना दरवर्षी सरासरी ६,२०० विल्डबीस्ट बुडून मरतात, म्हणजे सुमारे १,१०० टन मांस आणि हाडं नदीत. मांस काही आठवड्यांत संपतं, मगरी, मासे, गिधाडं सगळे हात मारतात. हाडं मात्र सात वर्षं झिजत राहतात आणि फॉस्फरस बहुतेक हाडांतच असतो. म्हणजे लेंगाईने उडवलेला फॉस्फरस गवतातून हाडात, हाडातून शंभर-दीडशे किलोमीटर दूरच्या नदीत, आणि तिथून शेवाळात आणि माशांत.

पण सगळाच काही नदीबरोबर वाहून जात नाही. रुपेल जातीची गिधाडं कळपांच्या मागे रोज प्रचंड अंतर उडतात आणि घरटी मात्र ‘गोल’ नावाच्या डोंगरांतल्या एका घळीच्या कड्यावर करतात. ही घळ त्या काळ्या ढिगापासून फार लांब नाही. लेंगाईही तिथून जवळच. त्या कड्यावर वरपासून खालपर्यंत विष्ठेचे पांढरे ओघळ आलेले असतात, आणि पाऊस पडला की ते धुपून खालच्या मैदानात उतरतात.