भाल्याने मासेमारी : उत्तर विस्कॉन्सिनची सरोवरे

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तर भागात, सुपीरियर सरोवराच्या दक्षिणेला, हिमयुगातील हिमनद्या मागे हटताना तयार झालेली गोड्या पाण्याची हजारो लहानमोठी सरोवरे आहेत. वसंत ऋतूत त्यांवरचे बर्फ वितळले की वॉलआय जातीचे मासे अंडी घालण्यासाठी उथळ काठाशी येतात आणि ओजिब्वे (अनिशिनाबे) या मूलनिवासी समाजातील लोक रात्री होडीतून, दिव्याच्या उजेडात, ते भाल्याने टिपतात. ही पद्धत युरोपीय लोक येण्याच्या आधीपासून चालत आली आहे. विसाव्या शतकात तिला बेकायदा ठरवण्यात आले आणि दीर्घ न्यायालयीन लढ्यानंतर तिचा हक्क पुन्हा मान्य झाला.

वॉलआय हा पर्च कुळातील शिकारी मासा असून ओजिब्वे भाषेत त्याला ‘ओगा’ म्हणतात. त्याच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परावर्तित करणारा थर असतो, त्यामुळे अंधारात उजेड पडताच त्याचे डोळे मांजराच्या डोळ्यांसारखे चमकतात. पाण्याचे तापमान साधारण ५ ते १० अंश सेल्सियसच्या दरम्यान असताना हे मासे खडीच्या किंवा दगडगोट्यांच्या तळावर गोळा होतात. ते घरटे करत नाहीत आणि अंड्यांची राखणही करत नाहीत. अंडी दगडांच्या फटींत पडतात. नर आधी येतात आणि अधिक दिवस रेंगाळतात, तर आकाराने मोठ्या माद्या अंडी घालून खोल पाण्यात परततात. भाल्याने मिळणाऱ्या माशांत नरांचेच प्रमाण फार मोठे असते, ते यामुळेच. एका सरोवरावर हा हंगाम जेमतेम काही दिवस ते दोन आठवडे टिकतो आणि त्या काळात रात्रीची थंडी अनेकदा गोठणबिंदूच्या खाली जाते.

पूर्वी भूर्जसालीच्या होडीच्या टोकाशी भूर्जाची साल व पाइनची राळ यांची मशाल पेटवत. कॅनडाचे चित्रकार पॉल केन यांनी १८४५ मध्ये विस्कॉन्सिनमधील फॉक्स नदीवर ओजिब्वेंच्या शेजारच्या मेनॉमिनी लोकांची अशी मासेमारी पाहिली व पुढे तिचे तैलचित्र केले. आज होडी ॲल्युमिनियमची असते, मागे बसलेला साथीदार मोटर सांभाळतो आणि पुढे उभ्या असलेल्या माणसाच्या शिरस्त्राणावर बॅटरीचा दिवा असतो. भाल्याचा दांडा माणसाच्या उंचीहून बराच लांब, टोकाला अनेक दाते आणि प्रत्येक दात्याला मासा निसटू नये म्हणून आकडी असते. उजेडात डोळे चमकले की होडी हळू केली जाते. पाण्यातील वस्तू प्रकाशाच्या अपवर्तनामुळे असते त्याहून वर दिसते, म्हणून नेम दिसणाऱ्या माशाच्या थोडा खाली धरावा लागतो. जाणकार भाला फेकत नाहीत, पाण्यात हळूच उतरवून शेवटच्या क्षणी झटक्याने दाबतात. पाण्यात हात घालण्यापूर्वी अनेक जण तंबाखूची चिमूट पाण्याला अर्पण करतात. पकडलेल्या माशांचा मोठा भाग वृद्धांना, नातेवाइकांना आणि सामूहिक भोजनांना जातो.

भाल्याने मासेमारीचे हिवाळी रूपही या प्रदेशात आहे. गोठलेल्या सरोवरावर भोक पाडून त्यावर अंधारी झोपडी उभारतात. आतला अंधार आणि बर्फाखालून येणारा प्रकाश यांमुळे पाण्याचा तळ स्पष्ट दिसतो. लाकडी माशाची प्रतिकृती दोरीने हलवून मस्कलंजसारख्या मोठ्या माशाला जवळ आणतात. पोटात शिसे भरलेल्या आणि पत्र्याचे पर लावलेल्या या प्रतिकृती कोरण्यात लाक द्यू फ्लॅम्बो या ओजिब्वे वस्तीतील कारागीर निष्णात मानले जातात. विनेबागो सरोवरावर फेब्रुवारीत होणारी स्टर्जनची शिकार आणि मिनेसोटातील पाइक माशांची शिकार या राज्याच्या परवान्यावर चालणाऱ्या निराळ्या प्रथा आहेत, त्या सर्व नागरिकांना खुल्या आहेत. वॉलआयवर भाला चालवणे मात्र विस्कॉन्सिनच्या सर्वसाधारण कायद्यात निषिद्ध आहे.

ओजिब्वेंना ही मुभा कशी, हा या विषयाचा गाभा आहे. १८३७ आणि १८४२ च्या करारांनी त्यांनी उत्तर विस्कॉन्सिन आणि लगतची प्रचंड भूमी संयुक्त संस्थानांच्या स्वाधीन केली. लाकूड आणि तांबे यांच्यासाठी सरकारला ती हवी होती. देताना त्या भूमीवर शिकार, मासेमारी आणि रानटी भात गोळा करणे चालू ठेवण्याचा हक्क त्यांनी करारात नोंदवून घेतला. १८५४ च्या करारानुसार ओजिब्वेंच्या वस्तीसाठी राखीव प्रदेश ठरले. हा हक्क सरकारने दिलेली सवलत नाही. जमीन देताना देणाऱ्याने जे स्वतःकडे ठेवले ते त्याचेच राहिले, आणि अमेरिकी संविधानानुसार करार हा देशाचा सर्वोच्च कायदा आहे. ‘विशेष सवलत’ हा शब्द वृत्तपत्रांतून वारंवार वापरला गेला, पण तो चुकीचा आहे.

तरीही १९०८ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयाने ओजिब्वेंना राज्याचे मासेमारीचे नियम लागू असल्याचा निर्णय दिला. पुढे कित्येक दशके आपल्याच पूर्वजांच्या पाण्यावर भाला चालवणाऱ्यांना दंड व तुरुंगवास सोसावा लागला, आणि मासेमारी लपूनछपून चालू राहिली. मार्च १९७४ मध्ये लाक कूर्त ओरेय या ओजिब्वे समाजातील दोन भावांना राखीव प्रदेशाबाहेर, गोठलेल्या चीफ सरोवरावर पकडण्यात आले. भाला बाळगणे आणि बर्फावरच्या झोपडीला नाव-पत्त्याची पाटी नसणे हे त्यांच्यावरचे आरोप होते. त्यातून उभ्या राहिलेल्या खटल्यात १९७८ मध्ये ओजिब्वे हरले, पण २५ जानेवारी १९८३ रोजी संघराज्याच्या सातव्या मंडळाच्या अपील न्यायालयाने करारातील हक्क शाबूत असल्याचे ठरवले. हा ‘व्हॉइट निवाडा’ म्हणून ओळखला जातो. १९८४ मध्ये समाजांनी ग्रेट लेक्स इंडियन फिश अँड वाइल्डलाइफ कमिशन स्थापन केले. विस्कॉन्सिन, मिशिगन व मिनेसोटा मिळून ११ ओजिब्वे समाज त्याचे सदस्य आहेत.

राखीव प्रदेशाबाहेरची वसंतातील मासेमारी १९८५ मध्ये सुरू झाली आणि तिच्याबरोबर विरोधही. होड्या उतरवण्याच्या धक्क्यांवर रात्री शेकडो लोक जमू लागले. वंशद्वेषी घोषणा, दगडफेक, मुद्दाम लाटा उठवून होड्या हेलकावणे असे प्रकार घडले. १९८९ च्या सुमारास हा क्षोभ टोकाला गेला. लाक द्यू फ्लॅम्बोच्या टॉम मॉलसन यांच्यासारखे नेते आणि त्यांचे सहकारी पाण्यावर जात राहिले, तर काठावर ओजिब्वेंच्या बाजूने शांतपणे साक्षीदार म्हणून उभे राहणाऱ्यांत अनेक गौरवर्णीय नागरिक होते. १९९१ मध्ये न्यायाधीश बार्बरा क्रॅब यांनी अडथळे आणणाऱ्यांविरुद्ध मनाई हुकूम काढला. त्याच वर्षी हक्कांविषयीचा अंतिम निकालही लागला आणि राज्य किंवा ओजिब्वे यांपैकी कोणीही त्यावर अपील केले नाही. मिनेसोटातील मिल लाक्स समाजाच्या अशाच हक्काला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये ५ विरुद्ध ४ मतांनी मान्यता दिली.

विरोधकांचे म्हणणे होते की भाल्यामुळे सरोवरे रिकामी होतील. संघराज्य, राज्य आणि ओजिब्वे समाज यांच्या संयुक्त समितीने १९९१ च्या अहवालात तसे नुकसान झाले नसल्याचा निष्कर्ष काढला. खरे तर गळ टाकणारे परवानाधारक एकूण कितीतरी अधिक वॉलआय नेतात आणि त्यांच्या माशांचा हिशोब नमुना पाहणीच्या अंदाजावर चालतो. भाल्याच्या बाबतीत प्रत्येक मासा मोजला जातो. प्रौढ माशांच्या अंदाजित संख्येच्या ३५ टक्क्यांहून अधिक मासे सर्वांनी मिळून काढले जाऊ नयेत अशा बेताने प्रत्येक सरोवराचा सुरक्षित कोटा ठरतो, समाज आपला वाटा हंगामाआधी जाहीर करतात आणि परवाने त्या त्या रात्रीपुरते, त्या त्या सरोवरापुरते दिले जातात. होडी धक्क्याला लागली की मोजणी कर्मचारी मासे मोजतात, त्यांची लांबी आणि नर-मादी नोंदवतात. दुसऱ्या रात्रीचे परवाने उरलेल्या कोट्यावरून ठरतात. एका परवान्यावर २० ते २४ इंचांचा एक आणि कोणत्याही आकाराचा आणखी एक एवढेच मोठे मासे घेता येतात. भाला लागलेला मासा पुन्हा सोडता येत नाही, त्यामुळे त्याची जात व लांबी नेम धरण्यापूर्वीच डोळ्यांनी ठरवावी लागते. भाला हे आंधळे साधन आहे हा आक्षेप या नोंदींपुढे टिकत नाही.

आजची चिंता वेगळी आहे. कोळसा जाळल्याने हवेत मिसळलेला पारा सरोवरांत उतरतो आणि मोठ्या वॉलआयच्या मांसात साठतो. त्यामुळे कमिशन माशांची तपासणी करून कोणत्या सरोवरातील मासे किती खावेत हे दाखवणारे नकाशे छापते, विशेषतः गर्भवती स्त्रिया आणि मुलांसाठी. पाणी तापू लागल्यापासून काही सरोवरांत वॉलआयची नवी पिढी पुरेशी वाढत नाही, तर उबदार पाण्यात रमणाऱ्या बास माशांची संख्या वाढत आहे. लाक द्यू फ्लॅम्बोसारखे समाज आपल्या मत्स्यबीज केंद्रात पिल्ले वाढवून सरोवरांत सोडतात, आणि हा मासा भाला चालवणारे, गळ टाकणारे अशा सर्वांच्याच वाट्याला येतो.