फौजी डॉक्टर (मेसोपोटेमिया आघाडी, १९१४–१८)

सातारा-सांगलीकडं फौज घराघरात आहे. आपशिंगे मिलिटरी या एका गावातले ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे, पण जवानांबरोबर जे डॉक्टर गेले त्यांच्याबद्दल आपल्याकडं फार कमी बोललं जातं, आणि हे मला खरंच खटकतं.

हे डॉक्टर बहुतेक इंडियन मेडिकल सर्व्हिसचे, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सरकारी वैद्यकीय सेवेचे. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमधे, सहाव्या पूना डिव्हिजनमधे १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. नोव्हेंबर १९१५ ला बगदादजवळ टेसिफॉनला तुर्कांशी लढाई झाली, जखमी इतके होतील असं वरिष्ठांनी धरलंच नव्हतं, त्यामुळं मांडी मोडलेली माणसंसुद्धा स्प्रिंग नसलेल्या खेचरगाड्यांत घालून नदीपर्यंत आणली. पुढं बोटी. त्यातली मेजिदिए बोट बसऱ्याला लागली तेव्हा मेजर कार्टर या डॉक्टरला लांबून वाटलं की कडेनं दोर लोंबतायत, जवळ आल्यावर कळलं की ती वाळलेली विष्ठा आहे, जखमींना हलायलासुद्धा जागा नव्हती. त्यानं हे स्पष्ट लिहून कळवलं तर वरून त्यालाच दम मिळाला. १९१७ च्या मेसोपोटेमिया कमिशननं, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या चौकशी आयोगानं मात्र त्याचंच म्हणणं उचलून धरलं.

मागं हटलेली डिव्हिजन नदीकाठच्या कुत गावात अडकली, ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळपास पाच महिने तुर्कांचा वेढा. रेशन संपत आलं, घोडे कापले, पण आपल्या बऱ्याच जवानांनी ते मांस शेवटच्या दिवसांपर्यंत घेतलं नाही, भारतातल्या धर्मगुरूंनी परवानगी कळवली तरी. भाजीपाला नाही, त्यात स्कर्व्ही. हिरड्या सुजून रक्त यायचं, जखमा लवकर भरायच्या नाहीत. औषध म्हणजे ताजी भाजी, लिंबू, आणि तेच नव्हतं, डॉक्टर तरी काय करणार!

शेवटी जवळपास १३,००० जण कैद झाले, त्यात डॉक्टरही. कोलकात्याचे कॅप्टन कल्याणकुमार मुखर्जी त्यातलेच, मिलिटरी क्रॉस मिळालेले. आजच्या सीरियातल्या रास अल-ऐनच्या छावणीत, जिथं कैद्यांना बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपलं होतं, तिथं त्यांनी आजारी माणसांना बघितलं आणि १९१७ मधे तापानं तिथंच गेले.

३ एप्रिल १९४३ ला वेगवेगळ्या वैद्यकीय सेवा एकत्र करून इंडियन आर्मी मेडिकल कोअर झाली, १९४८ ला पुण्यात एएफएमसी (आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेज) सुरू झालं.