प्रेशर प्लेटची स्प्रिंग (जुनी वाहने)

मोटारगाडी व ट्रॅक्टर यांच्या क्लचमध्ये प्रेशर प्लेटच्या द्वारे क्लच प्लेट फ्लायव्हीलवर (इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकावर) दाबून धरणारी स्प्रिंग. जुन्या वाहनांत ती बहुधा तारेच्या वेढ्यांची असते व कव्हरखाली अशा अनेक स्प्रिंगा वर्तुळाकार मांडलेल्या असतात. पेडल दाबले की रिलीज बेअरिंग फिंगरांवर (कव्हरमधील छोट्या तरफांवर) टेकते, फिंगर प्लेट मागे ओढतात आणि स्प्रिंगा आणखी दबतात. कोल्हापूर परिसरात या स्प्रिंगांची निवड मुख्यतः ऊसवाहतुकीच्या जुन्या ट्रॅक्टरांसाठी करावी लागते; हौसेने जपलेल्या मोटारींचा वाटा त्या मानाने थोडा.

पुढे प्रचारात आलेल्या डायाफ्रॅम स्प्रिंगच्या (वेढ्यांच्या अनेक स्प्रिंगांऐवजी वापरल्या जाणाऱ्या एकाच चकतीच्या स्प्रिंगच्या) उगमाबाबत मतभेद आहेत. तिचे जनकत्व फ्रान्समधील झ्युलियाँ बेलव्हिल यांना देण्याचा प्रघात असून त्यासाठी त्यांच्या १८६७ च्या पेटंटचा आधार घेतला जातो. ते पेटंट शंक्वाकार चकतीच्या स्प्रिंगचे आहे, क्लचचे नव्हे. चकतीला आतल्या बाजूने चिरा पाडून त्या जिभांकडूनच फिंगरांचे काम करून घेणे ही स्वतंत्र कल्पना असून ती १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये आकाराला आली, हे मत अधिक ग्राह्य वाटते. अशा चकतीवरील भाराचे जनरल मोटर्समधीलच अभियंते आल्मेन व लास्लो यांचे गणित १९३६ चे आहे, हेही या मताला पूरक ठरते. युरोपीय कारखान्यांनी ही स्प्रिंग साधारणतः १९५५ च्या सुमारास व त्यानंतर स्वीकारली. त्यामुळे युद्धकालीन विलीज जीप किंवा १९४६ ते १९५६ या काळात बनलेला फर्ग्युसन टीई-२० यांसारखी वाहने वेढ्यांच्या स्प्रिंगांच्याच बाजूची ठरतात.

निवडीत मोकळ्या लांबीपेक्षा बसवलेल्या लांबीवरचा भार महत्त्वाचा. दुकानात जुनी व नवी स्प्रिंग शेजारी उभी करून उंची जुळवतात, ते अपुरे आहे. कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या सम प्रमाणात, तर वेढ्याच्या मध्यव्यासाच्या तिसऱ्या घाताच्या आणि कार्यकारी (टोकांचे बंद वेढे सोडून उरणाऱ्या) वेढ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. उदाहरणार्थ, ४ मिमी तार, २६ मिमी मध्यव्यास व ६ कार्यकारी वेढे असलेल्या पोलादी स्प्रिंगचा कडकपणा दर मिमीला सुमारे २४ न्यूटन येतो. बाकी सारे तेच ठेवून तार ४.२ मिमीची घेतली, तर तो सुमारे २९ होतो. डोळ्याला न दिसणाऱ्या ०.२ मिमीने भार पाचव्या हिश्शाने वाढतो. म्हणून बारीक मोजमापासाठी व्हर्नियर हवाच.

हीच ४ मिमी तारेची स्प्रिंग मोकळी ५८ मिमी व बसवल्यावर ३८ मिमी असेल, तर तिचा भार ४८० न्यूटन आणि अशा नऊ स्प्रिंगांचा मिळून ४,३२० न्यूटन होतो. घर्षणगुणांक ०.३ व सरासरी त्रिज्या ९५ मिमी धरल्यास, प्लेटच्या दोन्ही बाजू मिळून, क्लच सुमारे २४६ न्यूटन-मीटर पीळ (टॉर्क) पेलतो. क्लच प्लेटवरचे घर्षणाचे अस्तर एकूण २ मिमी झिजले की प्लेट तेवढी पुढे सरकते, स्प्रिंगा तेवढ्याच सैल पडतात आणि दाब दहा टक्के घटतो. डायाफ्रॅम स्प्रिंगचे वागणे वेगळे: झिजेच्या नेहमीच्या मर्यादेत तिचा दाब सहसा टिकतो, काही वेळा थोडा वाढतोही.

फ्लायव्हील लेथवर धरताना होणारी चूक पुष्कळदा स्प्रिंगांच्या माथी मारली जाते. खोलगट फ्लायव्हीलचा फक्त घासणारा भाग १ मिमी उतरवला आणि कव्हर बसते ती कड तशीच ठेवली, तर प्रत्येक स्प्रिंग १ मिमी मोकळी होते. कडही तेवढीच उतरवणे हा खरा उपाय. स्प्रिंगखाली वॉशर घालून भागवता येते, पण पेडल पूर्ण दाबल्यावर वेढे एकमेकांना टेकणार नाहीत एवढी जागा उरली पाहिजे. वरील स्प्रिंगला दोन्ही टोकांचे बंद वेढे धरून आठ वेढे आहेत, म्हणजे ३२ मिमीला सगळे वेढे टेकून ती ठोकळा होते.

ओझे जास्त म्हणून स्प्रिंगा कडक घालाव्यात, हा समज उसाच्या हंगामात बळावतो. त्याची किंमत पेडल, फिंगरांच्या पिना, रिलीज बेअरिंग आणि क्रँकशाफ्टचे थ्रस्ट वॉशर यांना मोजावी लागते. क्लच घसरतो तो दर वेळी स्प्रिंगांमुळेच असेही नाही. मागच्या सीलमधून अस्तरावर आलेले ऑइल किंवा पेडलला न ठेवलेली मोकळी चाल हीही कारणे असतात. अर्ध्या पेडलवर गिअरबॉक्स आणि पूर्ण पेडलवर पीटीओ (अवजारांना शक्ती देणारा ट्रॅक्टरचा दांडा) सोडवणाऱ्या दुहेरी क्लचमध्ये दोन्ही टप्प्यांचा हिशेब वेगळा करावा लागतो.

 

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर आणि पुढे शिरोली व गोकुळ शिरगाव येथे लेथकाम व ओतकाम रुजले असल्याने कव्हर, फिंगर यांची दुरुस्ती अवघड नाही. स्प्रिंग मात्र भार तपासूनच घ्यावी. त्यासाठी खास यंत्र नसले तरी ड्रिल मशीनच्या टेबलावर वजनकाटा ठेवून, चकमध्ये धरलेल्या सपाट तोंडाच्या दांड्याने, मशीन बंद ठेवून स्प्रिंग ३८ मिमीपर्यंत दाबता येते. वरच्या उदाहरणात काट्यावर सुमारे ४९ किलो यायला हवेत. नऊपैकी एखादीच ४४ दाखवत असेल, तर एकटी न बदलता सगळा संच बदलावा. भार असमान राहिला की प्लेट तिरकी सुटते आणि गाडी उचलताना थरथरते. रंगाचा ठिपका ही त्या त्या कारखान्याची भाराची खूण असते. दोन कारखान्यांचे रंग ताडून पाहण्यात अर्थ नाही. तारेवर निळसर झाक दिसली तर ती स्प्रिंग तापून पाणी उतरलेली (पोलादाचा कडकपणा गेलेली) समजावी व काट्यावर न चढवताच बाजूला काढावी.