त्रिकोणातला आकडा काय सांगतो?

‘ज्या प्लास्टिकवर बाणांचा त्रिकोण असतो, त्याचा पुनर्वापर होतोच’, असा संदेश अनेक वर्षे फिरतो आहे. सार्वजनिक कचराकुंड्यांवरही तसेच बाण रंगवलेले असल्याने हा समज होणे स्वाभाविक आहे. प्रत्यक्षात १९८८ साली अमेरिकेत सुरू झालेल्या या खुणेतला आकडा केवळ प्लास्टिकचा प्रकार सांगतो: १ म्हणजे पाण्याच्या बाटल्या ज्याचे बनतात ते ‘पेट’ (PET) प्लास्टिक, ६ म्हणजे थर्माकोल ज्याचे बनते ते पॉलिस्टायरीन, आणि ७ मध्ये तर उरलेले सगळेच. पडताळणी सोपी आहे. वस्तू उलटी करून आकडा वाचावा आणि भंगारवाल्याला भाव विचारावा. १ व २ तो बहुधा घेतो, थर्माकोलची ताटली सहसा नाकारतो. सुका कचरा म्हणून ती निळ्या कुंडीतच टाकायची, पण तिथून ती कारखान्यापर्यंत पोहोचेलच, अशी हमी ते बाण देत नाहीत.