चिपाडावरच्या बुरशीचं एन्झाइम आणि पेटंटचा अर्ज: कल्चर आधी जमा करा

कोल्हापूरच्या गुऱ्हाळांमागं कुजणाऱ्या चिपाडात जी बुरशी वाढते ती सेल्युलेज सोडते. हे ग्लायकोसाइड हायड्रोलेज कुटुंबातलं एन्झाइम, म्हणजे पाण्याचा रेणू वापरून साखरेच्या साखळीची कडी तोडणारं. आपल्या लाळेतलं अमायलेज पण त्यातलंच, पण ते भाकरीतल्या स्टार्चच्या अल्फा कड्या तोडतं, चिपाडातल्या सेल्युलोजच्या बीटा कड्या त्याला तुटत नाहीत. म्हणूनच इथली पोरं ही बुरशी शोधतात आणि मग विचारतात, पेटंट मिळेल का?

नुसती बुरशी सापडली म्हणून मिळत नाही, निसर्गात आहे ते शोधून काढणं पेटंट कायद्याच्या कलम ३ मध्ये वगळलंय. तुम्ही त्यातून नवी प्रक्रिया किंवा मिश्रण केलं असेल, चिपाड लवकर फोडायची पद्धत वगैरे, तर अर्ज करता येतो. संशोधक स्वतः करू शकतो नाहीतर त्याने हक्क दिलेली संस्था.

आता सगळ्यात महत्त्वाचं. शब्दात पूर्ण सांगता न येणारी आणि बाहेर कुणाला न मिळणारी बुरशी असेल तर तिचं कल्चर, म्हणजे वाढवलेला जिवंत नमुना, बुडापेस्ट कराराखालच्या (पेटंटसाठी सूक्ष्मजीव जमा करण्याचा आंतरराष्ट्रीय करार) मान्य केंद्रात जमा करावं लागतं, पुण्यात एनसीएमआर आहे, चंदीगडला एमटीसीसी, दोन्ही सूक्ष्मजीव जपून ठेवणारी केंद्रं, आणि हे भारतात अर्ज टाकायच्या तारखेपर्यंत झालंच पाहिजे. जमा क्रमांक अर्जातल्या तपशिलात (शोधाचं लेखी वर्णन) टाकायला ३ महिने मिळतात, पण जमा करायला नंतर सवलत नाही. पोस्टर, पेपर अर्ज टाकायच्या आधी बाहेर काढू नका, नवेपणाच जातो.

कागदपत्रं: फॉर्म १ अर्ज, फॉर्म २ तपशील (ढिगाचं गाव, जागा म्हणजे नमुन्याचा उगम त्यात लिहायचाच), फॉर्म ३ (परदेशातल्या अर्जांची माहिती), फॉर्म ५ (संशोधक कोण याची घोषणा), शिक्षणसंस्था किंवा स्टार्टअप असेल तर फॉर्म २८, एजंट असेल तर फॉर्म २६. अर्ज मुंबई पेटंट ऑफिसकडे, ऑनलाइन. काम अर्धवट असेल तर प्रोव्हिजनल म्हणजे तात्पुरता अर्ज टाका, पूर्ण तपशील १२ महिन्यांत द्यायचा.

बुरशी इथलीच असल्यामुळे राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडं नोंदणी पण लागते, भारतीय अर्जदाराला पेटंट मिळायच्या आधी. ही शेवटासाठी ठेवू नका राव, सगळं तयार असताना पेटंट तिथं अडकतं. आणि तपासणीची विनंती फॉर्म १८ वर वेगळी करायची, ३१ महिन्यांत नाही केली तर अर्ज मागं घेतला असंच धरतात.